माणदेशातील चराऊ वनस्पतींचे पोषणमूल्य

माणदेशातील चराऊ वनस्पती म्हणजे माण नदीच्या खोऱ्यातील माण, आटपाडी, सांगोला व लगतच्या खटाव, जत या तालुक्यांतील माळरानांवर आपोआप वाढणारी आणि गुरे, शेळ्या व मेंढ्या यांच्या खाण्यात येणारी गवते, झुडपे व झाडे होत. खिलार गुरे, दख्खनी मेंढ्या आणि जत तालुक्यातील माडग्याळी मेंढ्या या वनस्पतींवर पोसल्या जातात. या वनस्पतींचे पोषणमूल्य वर्षभर एकसारखे नसते. पावसाळ्यात ते गवतात असते. हिवाळ्यानंतर ते झाडाझुडपांच्या पाल्यात व शेंगांत शोधावे लागते. म्हणून माळावरील गवताच्या वजनावरून तेथील चाऱ्याची किंमत ठरवणे दिशाभूल करणारे ठरते.

पाऊस व माती

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोफळी (ता. चिपळूण) परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथून पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवरील दहिवडीला तो सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. अतिवृष्टीच्या भागात जांभ्या मातीतील क्षार धुऊन जातात. तेथील गवत उंच व भरघोस वाढते, पण लवकर राठ होते. कोरड्या भागातील गवत खुरटे व विरळ असले, तरी त्याच्या वजनाच्या मानाने त्यात सत्त्व पुष्कळदा अधिक असते. दक्षिण आफ्रिकेतील गुराखी हाच भेद ‘गोड’ व ‘आंबट’ कुरण अशा शब्दांत सांगतात.

माणदेशातील पुष्कळ कळप दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. सातारा व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील काही धनगर घाट उतरून कोकणात जातात आणि कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसवतात. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ते परत फिरतात, कारण सततच्या ओलीत मेंढ्यांचे खूर सडतात.

गवते

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील तृणाच्छादनाचे पाच प्रकार मांडले. त्यांपैकी दख्खनच्या पठारावरील प्रकारास सेहिमा–डायकँथियम असे नाव आहे. शेडा व पवना ही सेहिमा प्रजातीतील, तर मारवेल हे डायकँथियम प्रजातीतील गवत होय. काळ्या ओलसर जमिनीत मोशी आणि हलक्या जमिनीत कुसळी (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) आढळते.

कोवळ्या गवताच्या शुष्क भागात कच्च्या प्रथिनांचे प्रमाण साधारणपणे ८ ते १० टक्के असते. फुलोऱ्यानंतर ते झपाट्याने घसरते आणि वाळलेल्या कुसळीत ३ टक्क्यांच्या आसपास उरते. गुरांच्या पोटातील पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव तंतुमय चारा फोडतात व त्यांना त्यासाठी नत्र लागते. खाद्यात प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की या जिवांची वाढ मंदावते, चारा पोटात अधिक काळ रेंगाळतो आणि जनावर खाणे कमी करते. समोर गवताची गंज असूनही जनावर रोडावते ते यामुळे. वाळलेल्या गवतातील कॅरोटीनही नाहीसे झालेले असते. दीर्घ दुष्काळात गुरांना रातांधळेपणा येतो, त्याचे हे एक कारण आहे.

कुसळीचा दुसरा दोष तिच्या नावातच आहे. पिकलेल्या बियांची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत अडकतात, कातडीत शिरतात व तोंडात जखमा करतात. फुलोऱ्यापूर्वी कापल्यास हेच गवत चांगला चारा ठरते. ते उभे वाळू देण्याची रीत मात्र अजून सर्वत्र दिसते.

पाला व शेंगा

उन्हाळ्यातील तूट झाडे भरून काढतात. बोर व बोराटी, हिवर, सौंदड (शमी) आणि बाभूळ यांच्या पाल्यात प्रथिनांचे प्रमाण साधारणतः ११ ते १५ टक्के आढळते. बाभळीच्या शेंगांत ते १० ते १४ टक्के असते. फेब्रुवारी-मार्चपासून गवत निःसत्त्व होते आणि त्याच सुमारास या शेंगा पिकू लागतात. मेंढपाळ लांब काठीला बांधलेल्या आकडीने शेंगा पाडतात व डहाळ्या वाकवून पाला खाऊ घालतात.

हिशेब साध्या उदाहरणाने समजतो. सुमारे ३० किलो वजनाची शेळी दिवसाला १ किलो शुष्क चारा खाते असे धरू. तिला केवळ ३ टक्के प्रथिनांचे वाळलेले गवत मिळाले, तर ३० ग्रॅम प्रथिने पदरी पडतात. त्यातील अर्ध्या गवताऐवजी १३ टक्क्यांचा बोरीचा पाला मिळाला, तर हा आकडा ८० ग्रॅमवर, म्हणजे ८ टक्क्यांवर जातो. सात टक्क्यांची रेषा ओलांडली जाते ती अर्धा किलो पाल्यामुळे.

हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. प्रयोगशाळेत पदार्थातील एकूण नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात व त्यास कच्ची प्रथिने म्हणतात. झाडपाल्यात टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. ती प्रथिनांना घट्ट बांधून ठेवतात. बांधलेले नत्र मोजणीत येते, पण जनावराच्या अंगी पूर्णपणे लागत नाही. गाय-बैलांपेक्षा शेळी टॅनिन अधिक सोसते आणि एकाच झाडाचा पाला न खाता सतत झाडे बदलते. ‘शेळी खाते पाचोळा’ असे हेटाळणीने म्हटले जाते. वस्तुतः तिची निवड फार चोखंदळ असते.

पाल्यात कॅल्शियम भरपूर, परंतु फॉस्फरस कमी असतो. फॉस्फरसाची उणीव झालेली गुरे हाडे व चिंध्या चघळू लागतात. त्यावर पाला उपयोगाचा नाही. गव्हाचा कोंडा, पेंड किंवा क्षारमिश्रण द्यावे लागते.

दुष्काळ व छावण्या

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत माणदेशातील एक धनगरवाडी दुष्काळाने ओस पडते. १९७२ च्या दुष्काळानंतर चारा छावण्या परिचित झाल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने मोठी छावणी चालवली. छावण्यांत मुख्यतः ऊस, उसाचे वाढे व कडबा दिला जातो. उसातील साखरेने ऊर्जा मिळते, पण त्यात प्रथिने फारच थोडी असतात. वाढ्यातील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून त्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो. छावण्यांनी असंख्य जनावरे वाचवली हे खरे, मात्र तेथील शिधा किलोंत मोजला जातो, प्रथिनांत नव्हे.

निकृष्ट चाऱ्याचे मूल्य युरिया प्रक्रियेने वाढवता येते. १०० किलो वाळलेल्या चाऱ्यावर ४ किलो युरियाचे सुमारे ५० ते ६० लिटर पाण्यातील द्रावण फवारून तो २१ दिवस हवाबंद झाकतात. सहा महिन्यांखालील वासरांना असा चारा देत नाहीत.

माळरानांची गणना दीर्घकाळ ‘पडीक’ जमिनीत होत आल्याने त्यांवर गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली. बोराटीची व हिवराची झुडपे तोडून केलेल्या अशा लागवडीत हिरवाई वाढल्याचे दिसते, पण मेंढपाळाच्या दृष्टीने उन्हाळ्याचा चारा कमी झालेला असतो.

अपायकारक वनस्पती

घाणेरी खाल्ल्याने यकृतास इजा होते, कावीळ होते व उन्हात कातडी सोलवटते. भुकेलेल्या जनावराखेरीज ती सहसा कोणी खात नाही. पाण्याच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होते. असे पोंगे खाल्लेले जनावर काही मिनिटांत दगावू शकते. विलायती बाभळीचा पाला जनावरे टाळतात, पण तिच्या गोड शेंगा आवडीने खातात. माफक प्रमाणात त्या पौष्टिक आहेत. दीर्घकाळ केवळ त्यांवरच गुरे ठेवल्यास जबड्याचे विकार होतात, आणि न पचलेले बी शेणावाटे नव्या माळावर पसरते.