लारी सापडली तर?

मंडळी, चिपळूणच्या जुन्या नाण्यांबद्दल बोलायचं, तर आधी लारीकडे वळूया. लारी म्हणजे चांदीची जाड तार, मधोमध दुमडून ठसा मारलेली. नाव इराणातल्या लार शहरावरून आलं. दुसऱ्या अली आदिलशहानेही ती पाडली. दाभोळचा माल वाशिष्ठीतून चिपळूणला येई आणि पुढे कुंभार्ली घाट चढे. तेव्हा इथल्या मातीत अशी तार निघाली तर नवल नाही.

पण मेटल डिटेक्टरने काढलेलं सुटं नाणं फार थोडं बोलतं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा होता. म्हणजे जिंकलेल्याचाच पैसा त्याने आपल्या नावे चालवला. हे प्रमाण कळलं, कारण साठा विखुरला नव्हता.

आपल्याकडे मात्र सरकार नेईल या धास्तीने चांदी सोनाराच्या मुशीत जाते. 1878 चा कायदा काय सांगतो? ठेवा 10 रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. तो बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा. सरकारने घेतला, तर मोबदला मिळतो. लपवणाऱ्याचा हक्कच जातो, आणि आपणा सगळ्यांचा इतिहासही.