ठिणगीनंतरची वीज

पेट्रोल इंजिनातली ठिणगी ही मुळात एका पाद्रीबाबांची देणगी आहे. आयर्लंडमधल्या मेनूथच्या धर्मविद्यालयात निकोलस कॅलन नावाचे धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवत. १८३६ साली त्यांनी लोखंडाच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे गुंडाळले, जाड तारेत बॅटरीचा प्रवाह सोडला आणि तो एकदम तोडला. तोडला त्या क्षणी बारीक तारेत प्रचंड दाबाची वीज उसळली. तिचा जोर मोजायला धड साधन नव्हतं, म्हणून कॅलनसाहेब विद्यार्थ्यांना झटके देऊन अंदाज घेत!

मी कवितेचा माणूस, पदवी बी.ए.ची. विज्ञान दहावीबरोबर सुटलं. पण ही गोष्ट वाचली तेव्हा थबकलो. वीज उसळते ती प्रवाह वाहत असताना नाही, तो तुटताना. कॉइलमध्ये चुंबकाच्या रूपाने साठलेली शक्ती वाट अडली की मिळेल तिथून बाहेर पडू पाहते.

नाव मात्र झालं दुसऱ्याचंच. पॅरिसमधले कारागीर रुमकॉर्फ यांनी १८५०च्या दशकात अशी कॉइल उत्तम बनवून विकली आणि १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनने त्यांना ५० हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. कॅलन यांची आठवण जगाला फार उशिरा झाली. मधल्या काळात, १८५३ साली, फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक छोटी सुधारणा सुचवली होती. प्रवाह तोडताना संपर्काच्या जागीच ठिणग्या उडत, टोकं जळत आणि शक्ती फुकट जाई. तिथे त्याने कंडेन्सर जोडला. उसळणारी वीज क्षणभर त्यात शिरे आणि टोकं वाचत. १८६० साली लन्वारने आपल्या गॅस इंजिनात ठिणगी पाडली ती रुमकॉर्फच्याच कॉइलने. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांची जी जुळणी मोटारीसाठी पक्की केली, तीच पुढची सत्तर वर्षं जगभर चालली.

आपल्याकडच्या गॅरेजमध्येही तीच होती. माझे मामू मोटार मिस्त्री होते. गाडी नीट चालेना की ते आधी प्लग खोलत आणि त्याचं टोक उजेडाकडे धरत. विटकरी रंग असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय. प्लग म्हणजे त्यांच्या लेखी आत जाऊन आलेला साक्षीदार. पण ही साक्ष मिळे इंजिन बंद केल्यावर. चालत्या इंजिनात, बंद सिलिंडरमध्ये, त्या क्षणी काय घडतंय हे कळायची सोय नव्हती.

आणि ते न कळण्याची किंमत जगाने मोजली आहे. इंजिनात एक ठोका येतो, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि धातूवर घण पडल्यासारखा आवाज येतो. या ठोक्याचा दोष लोकांनी केटरिंगच्या ठिणगीलाच दिला होता. तो खोडून काढण्यासाठी त्याने थॉमस मिजली या सहकाऱ्याला कामाला लावलं आणि डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला : पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो हे दोघांना ठाऊक होतं, पण विकलं गेलं ते शिसं. १९२४ साली न्यू जर्सीच्या एका कारखान्यात पाच कामगार त्या विषाने भ्रमिष्ट होऊन मेले, तरी विक्री कायमची थांबली नाही. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात बंद व्हायला २०२१ उजाडलं. शंभर वर्षं! त्यात किती लेकरांच्या रक्तात शिसं गेलं असेल, याचा विचार केला की त्या शोधाचं कौतुक घशात अडकतं.

दुसरा रस्ता होता तो इंजिनाला ऐकायला शिकवण्याचा. ठोका सुरू होताच ठिणगी जरा उशिरा पाडायची की तो थांबतो. स्वीडनच्या साब कंपनीने १९८०च्या दशकात आपल्या टर्बो गाड्यांत इंजिनाच्या अंगावर कंप टिपणारं यंत्र बसवून हे साधलं. पण बाहेरून ऐकणं म्हणजे भिंतीला कान लावणं. वाल्व्हची खडखडही त्यात मिसळते. मग त्यांनी आतला साक्षीदारच हाताशी धरला, प्लग.

ज्वाळेतून वीज वाहते हे जुनं ज्ञान आहे. विद्युत झालेल्या वस्तूजवळ ज्योत नेली की तिची ओढ नाहीशी होते, हे गिल्बर्टने १६०० सालीच नोंदलं होतं. जळताना वायूचे कण फुटून विद्युतभारित होतात. प्लगच्या दोन टोकांत ऐंशीएक व्होल्टचा दाब ठेवला, तर त्या कणांमधून अगदी बारीक प्रवाह वाहतो, मायक्रोअँपियरमध्ये मोजावा लागणारा. ज्वाळा पेटताना तो एकदा चढतो आणि सिलिंडरमधला दाब शिगेला पोहोचतो त्या सुमारास पुन्हा चढतो. नॉकिंग झालं तर त्यावर सेकंदाला सहा-सात हजारांच्या गतीने थरथर उमटते. काही पेटलंच नाही, तर प्रवाहही नाही.

आता हे ऐंशी व्होल्ट आणायचे कुठून? बॅटरी बारा व्होल्टची. वेगळी वीजजोडणी करायची तर खर्च वाढतो, तारा वाढतात. इथे आपल्या पाद्रीबाबांची कॉइल पुन्हा कामाला येते. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट उसळतात, त्या वीजप्रवाहाच्या परतीच्या वाटेवरच एक कंडेन्सर ठेवायचा आणि तो ठरावीक व्होल्टपेक्षा जास्त भरू नये म्हणून शेजारी झेनर डायोड. ठिणगी एक-दोन मिलिसेकंदांत विझते. तोवर कंडेन्सर भरलेला असतो. मग तोच आपली पुंजी उलट दिशेने प्लगला देतो आणि प्लग ज्वाळेची खबर आणतो. काही अभियंत्यांनी हीच वीज कॉइलच्या जाड तारेच्या बाजूने घेतली. तिथेही प्रवाह तुटताना शेकडो व्होल्टची उसळी येते, जी फिझोच्या काळापासून केवळ आवरायची बाब होती. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये हा भरण्या-रिकामं होण्याचा खेळ सेकंदाला पंचवीस वेळा चालतो.

साबने १९९०च्या दशकात ट्रायॉनिक नावाच्या यंत्रणेत प्लगची ही साक्ष वापरली. तिचा एक फायदा मला फार गमतीचा वाटतो. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेटण्यासाठी, एकदा धूर बाहेर टाकण्यासाठी. यातला कोणता कोणता, हे सांगायला एरवी कॅमशाफ्टवर वेगळा सेन्सर लागतो. साबने सुरुवातीला पहिल्या आणि चौथ्या दोन्ही सिलिंडरमध्ये ठिणगी पाडली आणि आग कुठे लागली ते प्लगलाच विचारलं. एक सेन्सर वाचला.

साबची मोटार कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत निघाली. चारही प्लगवर एकत्र बसणारी तिची ती कॉइलची पेटी उष्णतेने बिघडण्याबद्दल बदनाम होती, आणि बिघडली की गाडी जागीच उभी. म्हणून जुन्या साबचे शौकीन लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत एक जादा पेटी आणि ती बसवायचा पाना टाकूनच निघतात.