तापांतली आकडी आणि दोषाचा शोध

ताप चढतां चढतां बालकाचे डोळे फिरावेत, हातपाय ताठ व्हावेत आणि घरांतल्यांनीं दैवाला बोल लावावा, हा प्रकार फार जुना आहे. सहा महिने ते पांच वर्षें या वयांत, पाश्चात्य देशांतील गणनेप्रमाणें, शंभरांपैकीं २ ते ५ बालकांना अशी आकडी येते. बहुतेकांना तिच्यापासून कायमचा अपाय होत नाहीं. तथापि ‘असें कां झालें?’ हा प्रश्न आईबापांस सोडीत नाहीं.

सुमारें २,४०० वर्षांपूर्वीं ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या परंपरेंतील एका ग्रंथानें सांगितलें कीं, फेफरें हा देवाचा कोप नसून कुळांतून उतरणारा एक रोग आहे. तरीहि एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील वैद्य आकडीचा दोष उगवत्या दातांवर ठेवून बालकांच्या हिरड्या चिरीत असत.

पुढें हाच दोष लशीवर आला. डांग्या खोकल्याची लस टोंचल्यानंतर आकडी व मेंदूचे विकार जडलेल्या ३६ मुलांची हकीकत १९७४ मध्यें लंडनच्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्यें भीति पसरली. लस घेणाऱ्या मुलांचें प्रमाण सुमारें ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरलें. डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या आणि त्यांत बालकें दगावलीं.

खरें उत्तर दुसऱ्याच वाटेनें आलें. पहिल्या वर्षांत बहुधा तापाबरोबर सुरू होऊन पुढें बळावणाऱ्या अपस्माराचें वर्णन फ्रान्समधील शार्लोट द्रावे यांनीं १९७८ मध्यें केलें. १९९७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील इंग्रिड शेफर व सॅम्युएल बर्कोविक यांनीं एका कुळाच्या पिढ्यापिढ्यांतून तापाच्या आकडीचा माग काढला. २००० सालीं अशा कुळांत, आणि २००१ सालीं द्रावे यांच्या विकारांत, एकाच जनुकांतील दोष सांपडला. मज्जापेशींत सोडियमचे कण आंत घेणारें दार या जनुकाच्या आज्ञेनें घडतें. तें बिघडलें म्हणजे मेंदूला आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. मग ताप निमित्त होतो. साध्या आकडींत मात्र अनेक जनुकांचा थोडा थोडा वांटा असतो.

लशीनें मेंदू बिघडला असें मानलेलीं १४ मुलें बर्कोविक यांच्या पथकानें तपासलीं. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्यांपैकीं ११ जणांत तोच जनुकदोष निघाला. ज्यांच्या आईबापांची तपासणी होऊं शकली, त्यांच्या बाबतींत तो आईबापांत नव्हता. मुलांत नव्यानेंच उपजला होता. लशीनें फार तर ताप आणला. रोगाचें बीज आधींच होतें.

ग्रीक ग्रंथाचा तर्क असा पुष्कळसा खरा ठरला. परंतु बीज दर वेळीं कुळांतूनच येतें असें नाहीं. आईच्या हातून कांहीं चुकलें असें मानण्यास, किंवा इतर मुलांची लस टाळण्यास, त्यांत कोणताच आधार नाहीं.