बाहेरकाठा कोणाचा?

कामगारांच्या हाती 'नियमानुसार काम' नावाचे एक हत्यार आहे. संप नाही, घोषणा नाहीत. नियमांत लिहिले आहे तेवढेच काम करावयाचे. एवढ्याने कारखाना रखडतो! याचाच अर्थ असा की, एरवी तो कोणी न सांगता केलेल्या कामावर चालत असतो. डेनिस ऑर्गन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ च्या ग्रंथात अशा वर्तनाला संस्थेतील नागरिकत्व म्हटले. आमच्या पेणच्या खाडीकाठाने मात्र हा धडा फार पूर्वीच गिरविला आहे.

समुद्राकडून मिळविलेल्या खारजमिनीला पेणकडे शिलोत्री म्हणत. तिची वहिवाट १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात नोंदलेली आहे. आतले लहान बांध कुळांनी राखावेत, मोठा बाहेरकाठा शिलोत्रदाराने राखावा, आणि त्याबद्दल त्याने बिघ्यामागे एक मण धान्य घ्यावे. काही गावांत मात्र कुळेच आपली शिलोत्रदार झाली होती. ती आपल्या संमतीने एक माणूस नेमीत, मण त्याच्या स्वाधीन करीत, आणि त्याच्या देखरेखीखाली काठा दुरुस्त होई.

उधाणाने काठ्याला खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरले, की भाताचे पीक गेलेच. अशा वेळी हे काम कोणाचे, असे विचारीत बसता येत नाही. पण चिखल घेऊन धावणाऱ्याच्या मनात एक हिशेब असतोच: आपला मण काठ्यावरच खर्च झाला ना?

तो हिशेब बिघडला की काय होते? अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसण्याचे थांबविले. तो संप १९३९ पर्यंत चालला. त्यांची मातीवर माया नव्हती काय? होती, परंतु पिकाचा वाटा न्यायाचा नव्हता.

रोह्याजवळ धाटावला आज रसायनांचे कारखाने आहेत. "कामगारांना आपलेपणा का वाटत नाही?" असे मालकवर्ग आम्हांस विचारतो. आम्ही उलट विचारतो, "मण कोठे जातो?" आपलेपणा हा न्यायाच्या मागून येतो. स्वखुशीचे काम हक्काने मागू लागले, की त्याची वेठ होते.

हा प्रश्न आमच्या कामगार संघटनेलाही चुकलेला नाही. पाळी संपवून, घरी न जाता सभासद सभेच्या सतरंज्या घालतो. त्याच्या वर्गणीचा हिशेब त्याच्यापुढे मांडला नाही, तर उद्या तो येणार नाही. आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस असणार नाही.