व्हीपीएस

व्हीपीएस (आभासी खासगी सर्व्हर) : हायपरव्हायजर या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एका यंत्राचे वाटे करून भाड्याने दिलेला सर्व्हर. प्रत्येक वाट्यात स्वतंत्र कार्यप्रणाली, बहुधा लिनक्स, चालते आणि त्याचे सर्वाधिकार, म्हणजे ‘रूट’, भाडेकरूकडे असतात. प्रकार चाळीतल्या खोलीसारखा: कुलूप आपले, नळ सामायिक. शेजाऱ्याने डिस्क ओरबाडली, की आपले संकेतस्थळ रेंगाळते.

एका यंत्राचे वाटे करण्याची कल्पना जुनीच. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये आणली. पीसी-वर्गातील यंत्रांवर ही कल्पना रुजवण्यात केंब्रिज विद्यापीठातील ‘झेन’ प्रकल्पाचा (२००३) वाटा मोठा. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या कर्नलमध्ये (गाभ्यामध्ये) केव्हीएम हे हायपरव्हायजर आले.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांची एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती निवडून पैसे भरले, की काही मिनिटांत आयपी पत्ता हाती येतो. खरे काम पुढच्या तासाभरात असते, आणि नवखे नेमके तेच उद्यावर टाकतात. सर्व्हरशी संपर्क एसएसएच या कूटबद्ध संपर्काच्या प्रोग्रामने होतो. नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिले. त्याचे ठरलेले पोर्ट २२. तिथे पासवर्ड ओळखू पाहणारे स्वयंचलित प्रोग्राम अखंड धडका देत असतात. म्हणून आधी अद्ययावतीकरण, मग सुडो अधिकाराचा (गरजेपुरते रूटचे अधिकार वापरू शकणारा) वेगळा वापरकर्ता, मग पासवर्डऐवजी एसएसएच किल्ल्यांची जोडी. रूटचे थेट लॉगिन आणि पासवर्डने प्रवेश दोन्ही बंद. हे करताना टर्मिनलची चालू खिडकी बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून किल्ली लागते का ते पाहावे. फायरवॉल सुरू करण्यापूर्वी पोर्ट २२ ला परवानगी द्यायला विसरलेला माणूस स्वतःच्याच घराबाहेर अडकतो. पोर्टचा क्रमांक बदलल्याने नोंदींतला गोंगाट घटतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही.

देखभालीत सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय करावी. लॉग फुगून डिस्क भरते; एक जीबी मेमरीत डेटाबेस जड झाला, तर कर्नल त्यालाच मारून टाकतो. अशा वेळी स्वॅप, म्हणजे मेमरीसारखी वापरलेली डिस्कवरची जागा, थोडा आधार देते.

स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, हा बॅकअप नव्हे. तो बहुधा त्याच कंपनीकडे राहतो. ओव्हीएच या फ्रेंच कंपनीचे स्ट्रासबर्ग येथील एक डेटा केंद्र १० मार्च २०२१ रोजी जळाले, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, अशा काही ग्राहकांचा डेटा परत मिळाला नाही.