चिंतामणराव देशमुख : रोह्याच्या घराण्यातील अर्थमंत्री

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे घराणे रोह्याचे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्यात वकिली करीत. आईचे नाव भागीरथीबाई. हा प्रदेश त्या काळी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

१९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्रातही पारितोषिक पटकावले. १९१८ मध्ये ते आय.सी.एस. परीक्षेत प्रथम आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांची प्रशासकीय कारकीर्द घडली. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. १९४४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला आणि त्याच वर्षी ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून ते सहभागी झाले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नरपदी तेच होते.

१९२० मध्ये त्यांनी रोझिना विलकॉक्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला. त्यांना एक कन्या झाली. १९४९ मध्ये रोझिना यांचे निधन झाले. १९५३ मध्ये घटना समितीच्या माजी सदस्या व आंध्र महिला सभेच्या संस्थापिका दुर्गाबाई यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. या नोंदणी विवाहाला साक्षीदार म्हणून पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंची सही होती.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतील. मात्र मराठी माणसाच्या स्मरणात ते राहिले, ते पद सोडल्यामुळे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाला त्यांचा विरोध होता. हा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईतील पोलीस गोळीबाराच्या चौकशीचीही त्यांनी मागणी केली. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला व लोकसभेत त्याची कारणे स्पष्टपणे मांडली. आयुष्यभर शिस्तीत वावरलेल्या या सनदी अधिकाऱ्याच्या राजीनाम्याने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला मोठे नैतिक बळ दिले.

त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष (१९५६-६१) आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू (१९६२-६७) होते. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढविली. तीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये चिंतामणराव व दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण देण्यात आले.

संस्कृतचा व्यासंग त्यांनी अखेरपर्यंत जपला. ते संस्कृतात काव्यरचना करीत आणि कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठी अनुवादही त्यांनी केला. दुर्गाबाईंचे १९८१ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, हैदराबाद येथे चिंतामणरावांनी जगाचा निरोप घेतला. रोह्यातील महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.