सौर प्रभारण मंडलाचा घरगुती इतिहास : एक दृष्टिक्षेप

सौर विजेचा इतिहास बहुधा सौरघटाचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी चॅपिन, फुलर व पिअरसन यांचा सिलिकॉन घट जाहीर केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातील अमेरिकस येथे दूरध्वनीच्या खांबावर असे घट बसवून दिवसा बॅटरी भारित करण्याचा प्रयोग झाला. तो खर्चापायी पुढे गेला नाही. ही हकीगत सर्वत्र आढळते. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधील लहानशा मंडलाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः उघड्यावरची बॅटरी किती काळ टिकेल, हे बव्हंशी त्यावरच ठरते.

छत्तीस घटांच्या पॅनेलचा दाब भार नसताना सुमारे २१ व्होल्ट असतो. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे सतत रेटली, तर तिच्यातील पाणी वायुरूपाने निघून जाते. रात्री उलटच घडते. बॅटरीतील वीज पॅनेलकडे परत झिरपते. या झिरपण्यावर एक डायोड पुरतो. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो, शॉट्की डायोड त्याच्या निम्म्याच्या आसपास. लहान पॅनेलला ढगाळ दिवशी एवढाही फरक जाणवतो. अतिप्रभारण टाळण्यासाठी बॅटरी भरताच पॅनेलचा प्रवाह ट्रान्झिस्टरमधून वळवावा लागतो. पॅनेलची दोन टोके थेट जोडली तरी ते सहसा बिघडत नाही. या सहनशीलतेमुळेच हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या हौशी परंपरेला १९८७ मध्ये ऑरेगॉन राज्यात सुरू झालेल्या ‘होम पॉवर’ नियतकालिकाने व्यासपीठ दिले. ते २०१८ पर्यंत चालले. वीजवाहिनीपासून दूर राहणाऱ्यांसाठी स्वहस्ते बनवण्याच्या मंडलांच्या आकृत्या त्यात येत.

भारतात हेच काम हौसेचे नव्हे, गरजेचे ठरले. २०१४ च्या सुमारास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने महाराष्ट्रासह काही राज्यांत ग्रामस्थांकडूनच सौर अभ्यासदिवे जुळवून घेतले व दुरुस्तीचेही शिक्षण दिले. त्याआधीपासून राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजात अल्पशिक्षित स्त्रिया प्रभारण-नियंत्रक जुळवीत आल्या आहेत. बंदिस्त नियंत्रक बिघडला की पॅनेल शाबूत असूनही घर अंधारात राहते. या स्त्रिया मात्र रोधकावरील रंगपट्ट्या ओळखून निकामी भाग काढतात आणि नवा डाख देऊन बसवतात.